स्वयंपाकघराच्या चौकटीचा ओघळ

जबलपूर,
ता. ४ फेब्रुवारी १९६४

ती. सौ. ताईस,
मुरलीधरचा सा. नमस्कार वि. वि.

नानांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडल्याचं वाचलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी सुटेपर्यंत त्यांना नागपूरला तुझ्याकडेच राहू दे. निघताना स्टेशनवर त्यांनी मला बजावलं होतं की, परत आल्यावर माझ्या घरात मी कुणाचा हात धरून चालणार नाही. म्हणून मी घरातल्या सगळ्या दारांच्या चौकटी पांढऱ्या करायला घेतल्या आहेत. अंधुक दिसलं तरी दार कुठे आहे ते त्यांना कळेल.

पण ताई, अगदी रडकुंडीला आलो आहे! दर दिवाळीला नाना स्वतः ब्रश घेऊन बसायचे. आधी जुना रंग खरवडावा हे त्यांच्या गावीच नाही. धुळीवर रंग, तेलकट बोटांच्या डागांवर रंग. हिरव्याखाली कत्थई, कत्थईखाली निळा, आणि ओघळ तर बोटाएवढे जाड. त्यावरच नवा हात मारला तर पोपडे सुटणार. इथल्या गोरखपूर बाजारातला दुकानदार म्हणाला, कॉस्टिक सोडा लगाओ भैया, मक्खन जैसा उतरेगा. उतरली ती माझ्या बोटांची सालं. विनताने तर वासामुळे चूल अंगणात मांडली आहे आणि माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझा मुरली


नागपूर,
ता. १० फेब्रुवारी १९६४

चि. मुरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. लहानपणी साधी पाटी पुसायचा तुला कंटाळा, आणि आता घर खरवडायला निघालास! विनताची मात्र दया येते.

नानांना पत्र वाचून दाखवलं, तर पट्टी बांधल्या डोळ्यांनीच उठून बसले. काहून खरवडून राहिला तो, म्हणाले, रंग काय त्याले चावून राहिला का? निदान स्वयंपाकघराच्या चौकटीले हात लावू नको म्हणा, असं बजावून बजावून सांगितलं. कारण विचारलं तर आडवे होऊन कूस बदलली. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय! पण बाबा, तेवढी एक चौकट सोड. पट्टी पुढच्या आठवड्यात सुटेल.

बोटांना खोबरेल लाव. मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी ताई


जबलपूर,
ता. १९ फेब्रुवारी १९६४

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार वि. वि.

झालं एकदाचं! पण सुखासुखी नाही. सोडा नीट धुतला नव्हता आणि लाकूड ओलं होतं, तर रंगाखालच्या अस्तराला पापडासारखे फुगे आले. स्वतःच्याच हाताने लावलेलं पुन्हा खरवडलं. मग भेगांत लांबीचा लगदा भरला, घासलं, परत अस्तर, त्यावर पांढरा.

स्वयंपाकघराची चौकट सोडली नाही, रागावू नकोस. तिच्यावरच्या एका लांब ओघळाने माझा अख्खा रविवार खाल्ला. एकच चौकट मेणचट हिरवी ठेवायची म्हणजे केलेल्या कामावर पाणी. आता सगळ्या अशा गुळगुळीत आहेत की हात ठरत नाही. नाना पाहतील तेव्हा हट्ट विसरतील.

विनता बोलायला लागली आहे. तूही लोभ राखावास.
तुझा मुरली


नागपूर,
ता. १९ फेब्रुवारी १९६४

चि. मुरलीस,
आशीर्वाद.

आज पट्टी सुटली. मोतीबिंदूच्या आड काचबिंदू होता रे. डॉक्टर म्हणाले, उजेड आणि अंधार, एवढंच कळेल. मला रडू आवरेना. नानाच माझी समजूत घालत होते. म्हणाले, मले घरी पाठव, तिथे डोळ्यायचं काम पडत नाही.

मग सांगितलं, दोन वर्षं ते त्या घरात हाताने चाचपतच चालत होते, मुरली. बैठकीच्या चौकटीला गाठी, न्हाणीघराची खरबरीत, स्वयंपाकघराला लांब ओघळ. मागच्या दिवाळीला तर त्यांनी रंग मुद्दाम ओघळू दिला. आपल्याला कुणाला पत्ताच नाही. जे खरवडायचं राहिलं असेल ते राहू दे. हे रविवारी त्यांना घेऊन निघतील.

तुझी ताई


जबलपूर,
ता. ८ मार्च १९६४

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं हाती पडलं तेव्हा सगळं गुळगुळीत झालेलं होतं. नाना आले, चौकटीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि न्हाणीघराच्या दारात उभं राहून विनताला चहा मागितला. विनताने स्वयंपाकघरातून ओ दिली. मग त्यांनी आपणहून माझ्याकडे हात पुढे केला. ताई, तो हात धरताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी डबा उघडला. आता ओघळ पाडायला बसलो, तर तो पडेना! पातळ रंग थेट जमिनीपर्यंत जातो, घट्ट रंग जागचा हलत नाही. नाना खुर्चीवर बसून चाचपतात आणि म्हणतात, हा नव्हे, पूस. शेजारचे श्रीरंगराव येऊन विचारून गेले की एवढं चांगलं काम कोणत्या गाढवाने बिघडवलं. शेवटी लांबीच्या गाठी बसवल्या आणि वरून रंग सोडला.

स्वयंपाकघराचा ओघळ काल वाळला. नानांच्या मते तो एक बोट खाली आला आहे आणि मला ब्रश धरता येत नाही. आज सकाळी मात्र ते चहा मागायला बरोबर त्याच दारात आले. मी हात धरायला पुढे झालो, तर झटकून टाकला.

दिवाळीला ये. ब्रश नानांच्या हातात असेल. तोवर लोभ आहे तसा असू द्यावा.
तुझा मुरली