वन्सं, नाव तेवढं तुम्हीच घ्या

मु. कापडे, ता. पोलादपूर
सोमवार

तीर्थस्वरूप वन्सं येसूबाई यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे आवडीचा, वाकून नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली पुरतं वाकवत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार तुम्हीच मनानं पुरा करून घ्यावा. तुमची साखर कशी आहे? भांडुपला गोड कोण आणून देतं ते मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. इकडे लावणी आटपली, गाय व्यायली, तुमचे धाकटे बंधू खुशाल आहेत. खुशाल नाही ती मी एकटी. फोन का केला नाही म्हणाल, तर आजवर मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच कागाळ्या तुम्हाला फोनवर सांगत आले, आणि ते बिचारे हसून मान हलवायचे. ती सोय आता गेली. त्यांच्या कानात यंत्र बसवलं आहे. (शाळेत बाईंनी बजावलं होतं, पत्रात 'हाय' लिहू नये, 'आहे' लिहावं. सातवीपर्यंतची शाळा आठवून लिहिते आहे. रागाच्या भरात एखादा 'हाय' सुटला तर सांभाळून घ्यावं.)

तीस वर्षं भातगिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले, हे तुम्ही जाणताच. पण त्यानं माझं काय झालं ते कुणाला दिसलं नाही. मी 'आमटीत मीठ कमी पडलंय का' विचारावं, तर उत्तर यायचं, 'रविवारी.' दुसऱ्यांदा विचारावं, तिसऱ्यांदा ओरडावं, मग शेजारचा रावजी आपल्या ओटीवरून सांगणार, 'वैनी, आमच्यात पन आज कमीच पडलंय.' नवऱ्याशी बोललेलं साऱ्या वाडीला कळतं आणि नवऱ्याला कळत नाही, असा सहा वर्षं संसार केला. शेवटी मी कोंबड्यांशी बोलायला लागले. हसू नका वन्सं. कोंबडी निदान मान तिरकी करून ऐकते तरी. म्हणून लेकानं, आपल्या सुनीलनं, दुसऱ्या पाळीला कारखान्यात जायच्या आधी आम्हा दोघांना महाडच्या कानांच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी देवाला नारळ बोलले. ठरलं ते असं : यंत्र महिनाभर वापरून बघायचं, मग मॅडम परत तपासणार, उपयोग दिसला तर ठेवायचं, नाहीतर परत करायचं. यांना पहिल्या दिवसापासून परत करायचं आहे. मला ठेवायचं आहे. भांडण तेवढंच.

त्या मॅडमचं नाव अनुपमा. पुण्याच्या. मुलगी गोड, शब्दाला शब्द जोडून स्वच्छ बोलणारी. कानाबरोबर त्या बोलण्याचीही शिकवणी घेतात, तिला स्पीच थेरपी म्हणतात. (साठी उलटलेल्या माणसाला बोलायला काय शिकवायचं, असं मला वाटलं होतं. तुमच्या भावाला गप्प बसायला शिकवलं असतं तर मी दुसरा नारळ दिला असता.) तर मॅडमनी यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, मी जो शब्द म्हणेन तो तुम्ही परत म्हणायचा. हे उठूनच उभे राहिले. 'बाईमानसानं बोललेलं तसंच परत बोलू? येडावून दाखवू काय तिला? आमच्यात नाय करत असं.' आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्ही सांगा. लहानपणी तुमचं बोलणं परत बोलून दाखवलं म्हणून तुमच्या बानं यांना सुपानं मारलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. मॅडमना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'सहकार्य करत नाहीत.'

मग सुनीलनं समजूत काढली आणि तपासणी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या 'पाणी', हे म्हणाले 'पानी'. मॅडम 'वेणी', हे 'येनी'. मॅडम 'विळा', हे 'इळा'. मॅडम 'विंचू', हे 'इंचू', वर एकदा पायाखालीही बघून घेतलं. पंचवीस शब्द झाल्यावर मॅडम हळहळून म्हणाल्या, अकराच बरोबर आले, शब्द समजायला फार अडचण दिसते. तिथं माझा राग अनावर झाला. मी म्हटलं, 'बाई, सगळे पंचवीस बरोबर हायत. कान ऐकतोय, जीभ कापड्याची हाय!' (सुटला तो 'हाय' इथं. पण मी तसंच म्हणाले होते, तेव्हा तो चुकीचा धरू नये.) मॅडम आधी गोंधळल्या, मग इतक्या हसल्या की त्यांचं पेन खाली पडलं. मनानं मात्र मोठी हो ती मुलगी. माझ्यासमोर अकरा खोडून तेवीस लिहिले. दोन खरंच चुकले होते. पुढं वाक्यं आली. 'बाळ झोपलं आहे' म्हटल्यावर यांनी आवाज खाली आणून विचारलं, 'कुनाचं?' 'दार उघडं आहे' म्हटल्यावर उठून दार लावून आले. अशा ऐकण्याला मार्क किती द्यायचे, ते मॅडमच्या पुस्तकात नव्हतं.

आता माझ्या फजितीकडे वळते. कागद भरताना मॅडमनी मला विचारलं, तुमच्या मिस्टरांचं नाव काय? मी पदर नीट केला आणि जमिनीकडे बघितलं. त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं. मी सुनीलकडे बघितलं, तर तो चहा आणायला गेलेला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, एक एक अक्षर सोडवून विचारलं. मी पदर आणखी पुढं ओढला. वन्सं, पुढं काय झालं सांगू? त्यांनी मलाच काचेच्या खोलीत बसवलं! कानावर ते डबडं चढवलं आणि सांगितलं, पीं ऐकू आलं की बोट वर करा. मी बोट वर करून करून दमले. माझे कान विशीतल्या पोरीसारखे निघाले. मग मॅडमनी डोक्याला हात लावला आणि विचारलं, तर मग तुम्ही नाव का सांगत नव्हता? सुनील चहा घेऊन आला, तेव्हा उलगडा झाला.

घरी करायच्या अभ्यासाचा कागद दिला आहे. पहिला नियम, स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलायचं नाही, समोर उभं राहून, तोंडावरचा पदर काढून बोलायचं. अहो, बेचाळीस वर्षं आमचं सगळं बोलणं पाठमोरं झालं! आता समोर उभी राहून 'जेवायला चला' म्हणायचं म्हणजे कुणीतरी मध्ये अंतरपाट धरावा असं वाटतं. दुसरा नियम, ऐकू आलं नाही तर उगाच मान हलवायची नाही, नीट विचारायचं. ते वाक्य यांना मॅडमनी पाठ करून दिलं आहे. परवा रावजी बांधावर उभा राहून काहीतरी पुटपुटला. यांनी दोन्ही हात जोडले, त्याच्या तोंडाकडे टक लावली आणि म्हणाले, 'मला नीट ऐकू आलं नाही, कृपया पुन्हा सांगाल का?' रावजीचा रंगच उडाला. ज्या माणसानं पन्नास वर्षांत 'काय रे' याच्यापुढं काही विचारलं नाही, तो 'कृपया' म्हणतो म्हणजे यानं वकील गाठला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर रावजीचा बांध हातभर मागं सरकलेला. तरीही हे म्हणतात, यंत्र परत कर. का, तर पापड मोडलेला ऐकू येतो, घड्याळ ऐकू येतं, आणि माझंही ऐकू येतं. तिसरं कारण हळू सांगितलं त्यांनी, पण माझे कान मॅडमनी तपासले आहेत.

तिसरा नियम सगळ्यात अवघड. घरातल्या माणसानं दिवसातून वीस वेळा मागून नावानं हाक मारायची, आणि ते वळतात की नाही ते लिहून ठेवायचं. मी मॅडमना म्हटलं, मी 'अवो' म्हणते, चालेल का? तर म्हणे, 'अवो' कुणालाही लागू होतं. खरं आहे, मी 'अवो' म्हटलं की हे सोडून रावजी वळतो. मग उखाण्यात घ्या म्हणाल्या. तेही करून बघितलं. उखाणा संपून नाव येईपर्यंत हे गोठ्यात पोचलेले असतात. सुनील बापाला नावानं हाक मारणार नाही. गावात सगळे तात्या म्हणतात. मी बसून मोजलं वन्सं, त्यांना नावानं हाक मारणारं या जगात आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. पुढच्या बुधवारी मॅडम तो कागद बघणार, आणि तो कोरा आहे.

बाकी सर्व ठीक. जावयांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्रात काही अधिक उणं झालं असेल, तर उणं तेवढं माझं आणि अधिक तुमच्या भावाचं समजावं.

तुमची,
आवडी

ता. क. : हे पत्र वाडीतल्या मालोजीच्या हाती देते आहे, तो उद्या मुंबईला निघतो. त्याच्या मोबाईलवर तुमच्या आवाजात यांच्या नावाची हाक भरून सुनीलला पाठवा. एकदाच मारलीत तरी पुरे, सुनील ती वीस वेळा लावेल. पत्र लिहायचं खरं कारण तेच होतं, साखरेची चौकशी नंतर सुचली.

ता. क. २ : हाक प्रेमानं मारा. मागच्या शिमग्याला मारलीत तशी नको.

ता. क. ३ : मंगळवार सकाळ. मालोजी अजून निघायचा आहे, म्हणून पाकीट फोडून लिहिते. आज हे उठले आणि यंत्र परत करायला महाडला निघाले. डबीतून पडेल म्हणून ते कानातच घालून निघाले, एवढी अक्कल! मी मागच्या दारातून तीन वेळा 'अवो' म्हटलं. रावजी वळला. हे वळेनात, कारण 'अवो' म्हटलं की काम सांगणार, हे बेचाळीस वर्षांत त्यांना पक्कं ठाऊक झालंय. एस.टी. वळणावर दिसली. परत त्या कोंबड्याच काय गो माझ्या नशिबी, असं वाटलं, आणि तोंडातून नाव गेलं. मोठ्यानं. (इथं लिहीत नाही. बोललेलं वाऱ्यावर गेलं, कागदावरचं राहतं.) हे जागीच थांबले आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, 'आक्का कधी आली गो?' वन्सं, त्यांना वाटलं, तुम्हीच आलात. मग मी समोर गेले, पदर काढला, आणि परत एकदा घेतलं. यांनी ओ दिली. एस.टी. निघून गेली. हे म्हणाले, 'परत म्हन.' मी विचारलं, 'का, ऐकायला आलं नाय?' तर म्हणाले, 'आलं. म्हनून तर.'

तेव्हा तुमची हाक पाठवू नका. विसातल्या सात झाल्या आहेत, आणि अजून चहा व्हायचा आहे.