माझ्या अर्ध्या शेडची वासलात

आणि दादा, ‘लसच बोगस होती’ हे तू कालही फोनवर ऐकवलंस, म्हणून आधी तेच. लस बोगस नव्हती. वहिनी नको नको म्हणत असताना तू ती जंतुनाशक घातलेल्या पिण्याच्या टाकीत ओतलीस. लस तिथंच मेली, कोंबड्या नंतर मानमोडीच्या रोगानं. आता तुला शेड विकायची आहे आणि माझी सही हवी आहे. देतो, पण या कागदावर.

तर मी, तुझा धाकटा भाऊ, सातवी नापास, डोकं ठिकाणावर (खोलीतल्या लंबूला विचार), न पिता आणि कुणी मानेवर बसलेलं नसताना लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं असं करावं. मला काही झालेलं नाही. इथं लसीच्या संशोधन केंद्रात आजारी पक्ष्यांच्या शेडमध्ये जाणाऱ्यांकडून वारसाचं नाव घेतात. म्हटलं, लिहायला बसलोच आहे तर सगळंच उरकू.

एक. बूट लंबूला. एका खोलीत राहून वास त्यानंच सोसलाय.

दोन. सायकल आईला. तिला चालवता येत नाही, पण तुला मिळू नये.

तीन. अक्कल तुला, फुकट. इथं मी कोंबड्या धरतो आणि डॉक्टरीणबाई नवी डीएनए लस देतात. तिच्यात विषाणू नसतो, त्याचा एक तुकडा कसा बनवायचा याची नुसती चिठ्ठी असते. कोंबडीच्या शरीरानं तो बनवायचा आणि शत्रू ओळखायला शिकायचं. चिठ्ठी झकास, पोस्टमन कामचुकार. सुईनं दिली तर बरीचशी वाटेतच फाटते. म्हणून बाई ती कोळंबीच्या टरफलापासून केलेल्या बारीक कणांत गुंडाळून डोळ्यात थेंब टाकतात. अजून निम्म्यांनाच लागू पडते. मी विचारलं, “उद्या फवारा निघाला तर धरायला माणूस नको. मग माझं काय?” म्हणाल्या, “तुला कोंबड्यासुद्धा कंटाळल्यात. घरी जाऊन स्वतःच्या पाळ.” नवी येईपर्यंत जुनीच लस, एकेकीच्या डोळ्यात. टाकीत नाही.

चार. शेडचा माझा अर्धा हिस्सा वहिनीला. मेलेले पक्षी तिनं पुरले. तू लसवाल्याशी भांडायला गेला होतास. परवा फोनवर हळूच म्हणाली, “भाऊजी, पिल्लांचा विषय काढला की हे उठून जातात.” जाऊ दे. आता उठायचं तर तिच्या अर्ध्यातून उठून जा.

साक्षीदार: लंबू (सही). डॉक्टरीणबाई (सही, चुका सुधारल्या, टोमणे तसेच ठेवले).
ठिकाण: पक्ष्यांच्या शेडमागची खोली. तारीख: नऊ मार्च.
लिहून देणार: तुझा धाकटा (सही).

ता.क. मृत्युपत्र मेल्यावर चालतं म्हणे. तेवढा दम मला नाही, आणि वहिनीनं तरी का थांबावं? चौथं कलम आजपासून लागू. पिल्लं, खाद्य आणि डोळ्यात घालायची लस यांसाठी, माझ्या पगारातले, तिच्याच खात्यावर आज टाकले: अठरा हजार पाचशे.