उद्धवचा उजवा हात

पुणे, ११ सप्टेंबर १९८१

ती. सोजरताईस,
भीमराजचा सा. जयभीम, वि. वि.

विद्यापीठात कॉम्प्युटरवर वेळ मिळत नाही, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना पिंपरीच्या एका कंपनीत प्रोग्रॅम चालवायला नेतो, हे तुला ठाऊक आहे. काल संपावरचे कामगार पहारी घेऊन तिथे घुसले. या यंत्रापायी स्टोअरातली माणसं घरी बसणार, असं ओरडत त्यांनी काचा फोडल्या, यंत्र ठेचलं. मी पोरांना भिंतीकडे ओढलं. उद्धव मात्र पुढे धावला. बीडकडचा हा मुलगा, फळ्यावरची माझी चूक न भिता दाखवणारा. सगळ्यांच्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं त्याने छातीशी धरली. एकाने पहार घातली. उजव्या हाताचा चेंदा झाला. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

मारणाऱ्याच्या तोंडावरचा रुमाल सुटला. ताई, ते दाजी होते.

पोलिसांना अजून सांगितलं नाही. लोभ आटवू नकोस.

तुझा,
भीमा

चिंचवड, १३ सप्टेंबर

चि. भीमास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद.

ह्यांचा सदरा रक्तानं भरला व्हता. मोर्चात लाठी लागली म्हणाले. मी अंगावर जखम शोधीत बसले, सापडली न्हाई. मग तुझं पत्र आलं. यंत्रावर मारलेली पहार, पोरगं मधी आलं, असं म्हणतात आणि भिताडावर डोकं आपटून घेतात.

भीमा, तुझा अभ्यास चालावा म्हणून ह्याच माणसानं खोली तुला दिली आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात निजला. त्यांचीच स्टोअरातली नोकरी तुझ्या यंत्रानं खावी, व्हय रे? तू तोंड उघडू नकोस. माझ्या दोन पोरी हायत. एवढं ऐक.

सोजर

पुणे, १६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. जयभीम.

मी गप्पच राहणार होतो. पण पोलिसांनी तुमच्या शेजारच्या बबनरावांना धरलं. ते तिथे नव्हतेच. ओळख पटवायला मला चौकीत बोलावलं. त्यांचे तळपाय फुटले होते, दात पडले होते, आणि मीच मारलं असं ते कबूल करत होते. मी दाजींचं नाव सांगितलं.

उद्धवची तीन बोटं काढली. शुद्धीवर येताच त्याने कार्डं बचावली का, ते विचारलं. सगळी तुडवली गेली होती. आता रोज संध्याकाळी त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवतो.

शिव्या दे, पण पत्र टाक.

भीमा

चिंचवड, २२ सप्टेंबर

चि. भीमराजास,
आशीर्वाद.

ह्यांना पोरींच्या देखत फरफटत नेलं. मी आडवी पडले, तर काठी माझ्या खांद्यावर बसली. त्यांचं ओरडणं चौकीबाहेर रस्त्यावर ऐकू येत व्हतं.

बबनराव सुटून आले. रांगत उंबरा चढले.

काल हास्पिटलात गेले. कोण ते न सांगता उद्धवला भात भरवला. तुझंच बोलत व्हता. बोटं गेली तरी डोकं शाबूत हाय, असं सर म्हणतात, म्हणाला. तवा मला राहवलं न्हाई. पहार घालणाराची मी बायको, असं सांगितलं. त्यानं घास थुंकला न्हाई. गिळला, आणि तोंड भिंतीकडं केलं.

तू खरं बोललास. बबनरावांचे पाय पाहिले आणि मला कळलं. पण इतक्यात माझ्या दारात येऊ नकोस. पोरी तुला मामा म्हणत न्हाईत, आणि म्हणा असं मी त्यांना सांगणार न्हाई. त्या पोराला शिकवत राहा. माया हाय, ती हितूनच धाडते.

सोजर