गंजावर जवसाचं तेल

२ तारीख, सोमवार
लेकी, ही वही माझी आहे, तुला वाचायला नाही. पण चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी तू; जवसाच्या तेलाची बाटली पाठवलीस आणि घ्यायचं कसं ते सांगायला विसरलीस. म्हणून सगळं नातीकडून लिहवून ठेवते. मला लिहिता-वाचता येत नाही. तिला येतं, पण ती मध्येमध्ये बोलते.

डॉक्टर म्हणाले, तळलेल्या खाण्यानं अंगात सूज येते, आतून गंज चढतो. रक्तातला सुजेचा आकडा अकरा. महिनाअखेर पाचाच्या आत आला, तरच शहराच्या पलीकडचं तुझं नवं घर, तीन मजले चढून बघायची परवानगी. गंजाला तेल लागतं हे दाराच्या बिजागरीलाही कळतं. आकडा उतरणारच. तुझ्या खिडकीसाठी शिवलेले पडदे पिशवीत भरून ठेवले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, माझ्या गुडघ्याला सूज आहे एवढाच फरक.

३ तारीख, सकाळ
एक चमचा तेल घेतलं. चव खिडकीला लावायच्या तेलरंगासारखी. आजपासून तळण बंद.

३ तारीख, संध्याकाळ
बटाट्याचे चार काप तळले. सून म्हणाली, आई, बंद होतं ना? म्हटलं, पोलीस ठेवलाय तर चोर नको का?

७ तारीख
हिशेब बसला. एका चमच्याला चार काप. आज आठ झाले, म्हणून दोन चमचे घेतले. पथ्य म्हणजे पथ्य.

१२ तारीख
गुडघा ठणकतोय. गंज सुटत असणार.

१६ तारीख
तेल नुसतं गिळवत नाही, कापांवाचून राहवत नाही. तेव्हा काप त्याच तेलात तळले. इतकी वर्षं डॉक्टरांना कसं सुचलं नाही कोण जाणे. नात बाटलीवरचं वाचून म्हणाली, आजी, गरम करू नये असं लिहिलंय. म्हटलं, ते घाईच्या लोकांसाठी, मी मंद आचेवर करते. धूर झाला. मुलगा खिडक्या उघडत म्हणाला, आता शेजारी आग विझवायला येतील. आले. दोन-दोन काप खाऊन गेले.

२१ तारीख
बाटली संपली. एवढ्या निष्ठेनं औषध कोण घेतं?

२५ तारीख
सरावाला जिना चढले. चार पायऱ्या. पाचवी गवंड्यानं उंच बांधलीय.

२८ तारीख
आकडा चौदा. काय खाल्लं ते वहीत आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी वही मागितली. नातीनं वाचून दाखवली. ही पोर मी सांगते तसंच्या तसं लिहिते, हे मला आज कळलं. डॉक्टर म्हणाले, आजी, हे तेल तापलं की बिघडतं. गंज काढायला आणलेल्या तेलानंच गंज वाढवलात. तीन मजले नाहीत.

३० तारीख
पिशवी रिकामी केली. मुलगा रविवारी तुझ्याकडे येईल, पडदे त्याच्याबरोबर पाठवते, वहीतलं हे एवढं पान फाडून त्यांत ठेवते. लावलेस की फोनवर दाखव. विसरशील, म्हणून नातीला दोनदा लिहायला लावलंय. फोनवर दाखव.

त्याच्याच हाती डबा पाठव. तेल नको. गाजर, वाटाणे, बटाटे, सगळं उकडलेलं. बटाटे मात्र अख्खे पाठव. काप दिसले की माझा हात कढईकडे जातो.