अक्षताच्या हाताचं प्लास्टर

कोथरूड, पुणे
मंगळवार

प्रिय इंदूताई,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला गेला का, खडकीला पाणी वेळेवर येतं का, हे सगळं आधीच विचारून घेते, कारण पुढे मी फक्त स्वतःबद्दल बोलणार आहे. अक्षर ह्यांचं आहे. माझ्या बोटांना हल्ली पेन धरवत नाही. मी सांगते, हे लिहितात. (कंसातला मजकूर लेखनिकाचा. – सुखदेव)

ताई, मी जळते आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली अक्षता स्कूटीवरून पडली आणि तिचा हात मोडला. झालं! तिच्या दारात नुसती रीघ. कुणी वरणभात आणतंय, कुणी तिची भांडी घासतंय, पोरांनी प्लास्टरवर फुलं काढलीत. मला आमवात होऊन चार वर्षं झाली. त्यात आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. पण तो दिसतो कुठे? त्यामुळे माझ्या वाट्याला डबे येत नाहीत, सल्ले येतात. मेथ्या खा, लसूण खा, फ्रिजमधलं पाणी पिऊ नका. ("या वयात कसा झाला?" हे राहिलं.)

त्यात माझी वेळ चुकते. सकाळी मूठ वळत नाही, ब्रश धरवत नाही, दुधाची पिशवी दातांनी फोडते. अकरानंतर बोटं जरा सैल होतात. आणि बायका चौकशीला येतात संध्याकाळी. तेव्हा मी दार उघडते, चहासुद्धा करते. मग म्हणतात, "अहो, छान दिसताय की! आम्ही उगाच काळजी करत होतो." आणि माझा चहा पिऊन समोर अक्षताकडे. (चहा मी केला होता.)

परवा विहारात महिला मंडळाची बैठक होती, बुद्ध पौर्णिमेच्या खिरीची. म्हटलं, आपणही एकदा दिसू. रात्री झोपताना बांधायचे मनगटाचे पट्टे भर दुपारी दोन्ही हातांना बांधले आणि गेले. (मी नको म्हटलं होतं.) काय सांगू! मला खुर्ची मिळाली, पंखा माझ्याकडे वळला, अक्षताकडे कुणी बघेना. इतकं बरं वाटलं! तेवढ्यात अध्यक्षबाई प्रेमानं म्हणाल्या, "जयाताई, यंदा खिरीला हात लावायचा नाही. तुम्ही नुसतं बसायचं." खीर ढवळायचा मान आईनंतर माझ्याकडे आलेला. तो दिला कुणाला? अक्षताला! म्हणे, तोवर तिचं प्लास्टर निघेल. निघेलच. मोडलेलं हाड जुळून येतं, ताई. माझं तसं नाही. मला तिचा सगळ्यात जास्त हेवा त्याचाच वाटतो.

असो. यंदा खीर तळाला लागणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
जया

ता. क. पौर्णिमेला ये. पण सगळ्यांसारखी संध्याकाळी येऊ नकोस, आदल्या दिवशीच मुक्कामाला ये. सकाळची मी अजून कुणी पाहिलेलीच नाही. (मी रोज पाहतो.)

ता. क. २ (हे तिला वाचून दाखवलेलं नाही.) ताई, रोज सकाळी जयाची वेणी मी घालतो. वाकडी होते. बोटं चालायला लागली की तिला ती सोडून नीट घालता येते. पण सोडत नाही. दिवसभर तीच मिरवते आणि दिवसभर तुम्ही तिला लहानपणी घालायचात त्या वेणीचं कौतुक मला ऐकवते. एकदा येऊन शिकवाच.

आपला हेवा करणारा,
सुखदेव