तिसऱ्या प्लगमधला तांदूळ

मानकापूर, नागपूर
दसऱ्यानंतरचा सहावा दिवस

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी धाकटा मेहुणा केशव याचा साष्टांग नमस्कार.

नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. गेले पाच दिवस मी बराचसा वेळ गॅरेजात तुमच्या गाडीखाली आडवा पडून असतो. (बिघाड वरच्या बाजूला आहे, पण खाली शिरून पाहिलं की माणूस काळजीत दिसतो.) तुमची शुगर, ताईचे गुडघे आणि तुमच्या लेकीचं, नूपुरचं बाळ, तिघांचंही बरं चाललं असेल. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पुण्याच्या त्या हॉलमध्ये ताई तुमच्या शेजारीच बसलेली असते. हे पत्र शक्यतो गॅलरीत उभं राहून वाचावं.

मुद्द्याचं म्हणजे तुमची गाडी बंद आहे. घाबरू नका, इंजिन जागच्या जागी आहे, फक्त त्याचं डोकं उतरवून फडक्यावर ठेवलेलं आहे. मला माझी चिंता नाही. नऊ वर्षांपूर्वी मी ही गाडी एका एकसष्टीसाठी रामटेकला नेली होती आणि त्यानंतर महिन्याभरात तिचं इंजिन बसलं. तेव्हा तुम्ही दोन्ही घरांत, शिवाय गच्चीवर वाळवणाला आलेल्या शेजारणींनाही, केशवने इंजिन खाल्लं असं सांगितलं. तेव्हापासून मी त्या स्टिअरिंगला बोट लावलं नव्हतं, आणि त्याची मला सवय झाली आहे. पण यंदा पुण्याला जाताना तुम्ही चावी वॉचमनकडे ठेवणार होता, आणि ताई तुमच्याशी भांडली, गाडी माझा भाऊ सांभाळेल म्हणाली. आता भाऊबीजेला तुम्ही दोघं येणार, गाडी उघडी पडलेली पाहणार, आणि तिथून पुढे ताईला रोज पोळीबरोबर 'तुझा भाऊ' वाढला जाणार. मला बोला, दुप्पट बोला. तिला ऐकवू नका. या एका गोष्टीनं माझी झोप उडाली आहे.

आता घडलं कसं ते. तुम्ही डॅशबोर्डच्या खणात चार पानी सूचना ठेवून गेलात. (आमच्या खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात एवढी कागदपत्रं बॉयलरबरोबरही येत नाहीत.) त्यात तिसऱ्या पानावर, खंडेनवमीला चारही स्पार्क प्लग काढून, पुसून, पाटावर मांडून पूजा करावी, असं होतं. ही तुमची दरवर्षीची पद्धत मला ठाऊक आहे. लोक हत्यारांची पूजा करतात, तुम्ही इंजिनाच्या आतल्या जिवाची करता, याचं मला कौतुकच आहे. पण त्याखाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं की प्लगवर अक्षता वाहू नयेत, फक्त फूल वाहावं. मला वाटलं, पुण्याला जायच्या घाईत तुम्ही अर्धवट नास्तिक झालात. आमच्या सौ. अस्मितानेही विचारलं की अक्षतांशिवाय पूजा होते तरी कशी. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून, ताईच्या गाडीला काही कमी पडायला नको म्हणून, चारही प्लगवर कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. हळदीचा लेपही दिला. प्लग फार सुंदर दिसत होते. मी फोटो काढला आहे, पण तो आता दाखवावासा वाटत नाही.

दसऱ्याला सकाळी प्लग परत बसवले. पहिला, दुसरा, चौथा सरळ गेले. तिसरा तिरका जात होता. इथे माझा अनुभव आडवा आला. अठ्ठावीस वर्षं मी पॉवर स्टेशनच्या स्टोअरमध्ये मनगटाएवढ्या बोल्टांचे पाने फिटर लोकांना मोजून दिले आणि मोजून परत घेतले. स्वतः एकही फिरवला नाही, पण फिटर काय करतात ते पाहिलं आहे. बोल्ट जात नसला की ते पान्याला हातभर लांब पाइप घालतात आणि दोघं जण त्यावर लोंबकळतात. मी एकटाच होतो, म्हणून थोडं जास्त लोंबकळलो. प्लग आत गेला. जाताना कुरकुर आवाज आला, तो मला समाधानाचा वाटला.

संध्याकाळी तुमच्या कन्हानच्या आत्याबाईंना सोनं द्यायला निघालो. (हीसुद्धा तुमची सूचना, पान चार.) कामठीपर्यंत गाडी टिकटिक करत होती, ते मी रेडिओचा आवाज वाढवून मिटवलं. कन्हानच्या पुलावर मात्र बॉनेटखाली असा बार उडाला की पुढचा स्कूटरवाला स्कूटर टाकून उतरला. दीक्षाभूमीहून परतणारा एक ट्रक मागेच होता. त्यातली सात-आठ माणसं न बोलावता खाली आली आणि गाडी ढकलून कडेला लावली. त्यातल्या एकानं मला बाटलीतलं पाणी पाजलं आणि म्हणाला, 'काका, गाडीत फटाके काहून घेऊन चालले गा?' बॉनेट उघडलं तर तिसरा प्लग आपल्या वायरला लोंबकळत होता आणि अस्मिता मांडीवर आपट्याची पानं घेऊन माझ्याकडे बघत होती. तिनं पानं मोजून पिशवीत परत भरली, त्यावरून परिस्थिती गंभीर आहे हे मला कळलं.

नंतर मी आधी त्या काचेच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, जिथे गाडीच्या आधी मालकाला थंड पाणी देतात. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की भोकातले आटे उडाले, डोकं पूर्ण बदलावं लागेल, बेचाळीस हजार आणि वर टॅक्स. मी पाणी पिऊन बाहेर आलो. शेवटी गाडीला टोचन लावून जरीपटक्याला ओढत नेली, ताराचंदकडे. होय, त्याच. जरीपटक्याच्या ताराचंदच्या दारात गाडी उभी करायची नाही, तो लबाड आहे, हे तुमच्या पान एकवर पहिल्याच ओळीत आहे. पण तो एकटाच म्हणाला की डोकं उतरवून, लेथवर भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे लोखंडी नळी, बसवू, बुशला नवे आटे, अकरा हजारांत काम होईल. त्यानं तिसऱ्या प्लगच्या आट्यांत टाचणी फिरवली आणि अर्धा तांदूळ काढून तळहातावर ठेवला. कुंकवानं गुलाबी झालेला. मग शेजारच्या दुसऱ्या भोकात बॅटरी मारून पाहिलं आणि एकटाच बराच वेळ हसला. लबाड माणूस असा मोकळा हसत नाही, हे माझ्या मनात आलं.

तर अकरा हजार मी भरतो. दिवाळीचा सोफा पुढे ढकलला आहे, जुन्यावर चादर घातली की दिसत नाही. तुम्ही फक्त ताईला सांभाळून घ्या. बाळाला आशीर्वाद.

आपला अपराधी,
केशव

ता. क. गाडी धनत्रयोदशीपर्यंत तयार होईल असं ताराचंद म्हणतो.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा एकदा जरीपटक्याला जाऊन आलो. त्याला विचारलं की हसलास कशाला. त्यानं दुसऱ्या भोकातला जुना बुश दाखवला. त्यावर त्याच्या हातची खूण आहे, तीन ठिपके. नऊ वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एक चष्मेवाले साहेब ही गाडी ओढत घेऊन आले होते. 'तब भी चावल निकला था,' असं तो म्हणाला. साहेबांनी त्याला बजावलं होतं की मॅडमला सांगायचं नाही. भाऊजी, रामटेकची एकसष्टी दसऱ्याच्या चार आठवडे आधी झाली होती. मी तारीख पत्रिकेत पाहिली. लाल शाईतली ती सूचना आता मला नीट समजली, आणि पान एकवरची पहिली ओळही. तुम्ही अजिबात नास्तिक झालेला नाहीत.

ता. क. ३. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की अकरा हजारांतले निम्मे तुम्ही द्यावेत, आणि भाऊबीजेला सगळ्यांसमोर 'केशवच्या हाती गाडी सुखरूप आहे' हे वाक्य एकदा म्हणावं. त्या बदल्यात दुसऱ्या भोकाबद्दल मी कुठेही बोलणार नाही.

ता. क. ४. वरचं सगळं रद्द. आत्ता ताईचा फोन आला होता, तुम्ही फिरायला गेला होता तेव्हा. मी फक्त एवढंच म्हणालो की गाडी ताराचंदकडे आहे. ती म्हणाली, 'तांदूळ निघाला का गा?' त्या वर्षीचं बिल, 'चावल निकाला' या ओळीसकट, घरच्या पत्त्यावर आलं होतं आणि ते तिनंच फोडलं होतं. मी विचारलं, मग नऊ वर्षं मले बोलणी काहून खाऊ दिली? म्हणाली, 'तुम्हा दोघांचीही लाज एकदम राखता येत नव्हती. तू लहान आहेस, तू सोसून घेशील वाटलं. म्हणून तर यंदा भांडून चावी तुले द्याले लावली.' मला राग यायला हवा होता. आला नाही. नऊ वर्षांनी तिनं माझं नाव धुऊन द्यायचं ठरवलं आणि मी महिनाभरही ते स्वच्छ ठेवलं नाही.

तिनं माझ्याकडून शब्द घेतला आहे की तिला माहीत आहे हे तुम्हाला कळू द्यायचं नाही. मी शब्द पाळणारा माणूस आहे, तेव्हा ता. क. ४ तुम्ही वाचलेला नाही असं धरून चालावं. भाऊबीजेला ती मला कुंकू लावून त्यावर अक्षता चिकटवेल, त्या वेळी तुम्ही कृपा करून पंख्याकडे पाहत बसा. मी पाटाकडे पाहीन.