बर्फखड्ड्यापाशी जेवताना

४ एप्रिल

आज मुलीकडे, कोलोमाकडे, कायमचा राहायला आलो. सपाटीवरच्या पोरेरेस गावातले घर बंद केले, कोंबड्या शेजारणीला दिल्या, जर्दाळूच्या झाडांना हात लावून निघालो. इथे डोंगरात हवा छान आहे. खोलीच्या खिडकीतून संत्र्यांची बाग दिसते आणि तिच्यामागे सरळ उभा त्रामुंतानाचा डोंगर.

मुलीच्या या घरात सायकलवाले उतरतात. वसंतात आमच्या बेटावर परदेशी लोक पैसे मोजून घाम गाळायला येतात. मला काम मिळाले आहे: पाणी, जादा चाके आणि त्यांची जाकिटे गाडीत घालून आधी खिंडीत जाऊन थांबायचे. गाडीच्या ब्रेकची मला धास्ती वाटते. मेंढ्या आडव्या आल्या तर? दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काळजी वाटेल ते वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. म्हणून लिहितो. शाळा चौथीत सुटली, तरी अक्षर बरे आहे.

सायकली दुरुस्त करणारा गिएम चेष्टेखोर आहे. मी गाडी हळू काढली तर म्हणतो, लामो जेरोनी, ही गाडी आहे, गाढव नव्हे, चुचकारून चालायची नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याला लामो म्हणायची रीत त्याने पाळली एवढेच. स्वयंपाक मादो पोलोनिया करते. ती माझ्याहून थोरली, म्हणून मादो. तिने माझ्या ताटात जरा जास्तच वाढले. का, ते कळले नाही.

६ एप्रिल

पहिली मोठी चढण. मी आधी खिंडीत पोचलो. तिथे जुना बर्फखड्डा आहे, दगडांनी बांधलेला, छप्पर गेलेले. पूर्वी माणसे त्यात बर्फ ठासून भरत आणि उन्हाळ्यात शहरात नेऊन विकत.

खड्ड्याच्या कठड्यावर बसून जेवायला घेतले. पावावर टोमॅटो चोळलेला, तेल, ठेचलेले ऑलिव्ह. मागे खडीवर पावले वाजली. मान न वळवताच मी म्हणालो, या, जेवायला या. आमच्याकडे जेवताना कुणीही जवळून गेले की असे म्हणतात. जाणारा म्हणतो, सावकाश होऊ द्या, आणि चालू लागतो. खरोखर कुणी येऊन बसला तर घरधनीण चक्कर येऊन पडेल.

कुणी काही बोलले नाही. वळून पाहिले तर कुणीच नाही. वाटले, कुणी परदेशी असेल, त्यांना कुठली रीत! तेवढ्यात सायकली आल्या, मी अर्धे जेवण टाकून पाणी द्यायला उठलो. परत आलो तर उरलेला पाव नाही. बकरी असेल. पण कागदाची घडी नीट घातलेली होती, आणि कागद बर्फासारखा गार.

८ एप्रिल

डेन्मार्कचा एक तरुण खिंडीच्या उतारावर भिंतीला धडकला. हात मोडला. तो रांगेत शेवटचा होता. म्हणाला, कुणीतरी माझ्या चाकाला चिकटून येत होतं, मानेवर गार श्वास लागला, मी वळून पाहिलं. पण त्याच्या मागे कुणी नव्हतेच.

मला गिएमचा संशय येतो. ब्रेकच्या तारा तोच बसवतो. माझ्याकडे बघून हसतोही फार. माझा पावही त्यानेच उचलला असेल, थट्टा म्हणून. कोलोमाला सांगितले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही पोस्टमनवरही संशय घेत होता.

१० एप्रिल

आज हेडविगबाई पडल्या. जर्मनीच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटणाऱ्या. त्याही शेवटच्या होत्या. रस्त्याच्या कठड्यावरून खाली गेल्या, पाइनच्या झाडाला अडकल्या म्हणून वाचल्या. कंबर मोडली. गाडीत निजवून आणताना त्या एकच गोष्ट सांगत होत्या: कुणीतरी मागून सारखं विचारत होतं, जेवण कुठंय, जेवण कुठंय. कोणत्या भाषेत, ते त्यांना सांगता येईना.

मी सगळ्यांसमोर गिएमला विचारले, ब्रेक तपासले होतेस का? तो पांढरा पडला. म्हणाला, लामो, माझ्या हाताखालून गेलेल्या सायकलवर मी माझ्या आईला बसवीन. तुमच्या जिभेवर मात्र उंदीरही बसवणार नाही. पाने-पकडी गुंडाळल्या आणि निघून गेला. पाठोपाठ कोलोमाने हेडविगबाईंची सायकल उलटी करून पाहिली. ब्रेक शाबूत होते. सायकल तशीच माझ्यापुढे ठेवून ती आत गेली.

११ एप्रिल

गिएमही सायकलवर असायचा, नेहमी शेवटच्याच्या जरा पुढे. आता तो नाही. कोलोमाने ठरवले आहे की पाहुणे पुढे जातील आणि सर्वांत शेवटी ती स्वतः. म्हणजे कुणी पडणार नाही, म्हणते.

शेवटी. माझी कोलोमा शेवटी.

मादो पोलोनियाला भाजी निवडताना सगळे सांगितले. खिंड, पाव, पावले. तिच्या हातातली सुरी थांबली. तुम्ही वर कुणाला या म्हणालात का? मी म्हणालो, म्हणालो की, रीतच आहे. ती ओरडली, अहो, तुम्हा सपाटीवाल्यांची रीत! आम्ही तिथं तोंड मिटून जेवतो! बर्फ भरणारी माणसे एका वादळात खड्ड्यापाशी अडकली होती म्हणे. खालून जेवण येणार होते, आले नाही. एकजण अजून वाट बघतो. त्याला कुणी बोलावले नाही तर तो बसून असतो.

तुम्ही बोलावलंत, आणि अर्ध्या जेवणातून उठलात, ती म्हणाली. पाहुणा अर्धपोटी उठवलात. आता तो जाणाऱ्यांतल्या शेवटच्याच्या मागं लागतो.

मी विचारले, मग करायचे काय? तिने पानकोबी चिरायला घेतली. मग म्हणाली, वाढणारा वाढतो तोवर तो उठत नाही. पोट भरतं का, ते मात्र मला ठाऊक नाही.

१२ एप्रिल

कोलोमाला विनवले. एक दिवस जाऊ नकोस. ती म्हणाली, आधी गिएम, आता भूत. बाबा, उद्या माझ्यावर संशय घ्याल. मी गाडीची किल्ली लपवली. तिने दुसरी काढली.

पोलोनिया पिशवी भरते आहे. पाव, मसालेदार सॉसेज सोब्रासादा, चीज, ऑलिव्ह, कालची कोबी. बास झाले म्हटले तर आणखी घालते.

१३ एप्रिल, खिंडीत

ऊन लख्ख आहे. कठड्यावर बसलो. मुद्दाम मोठ्याने बोलावले. वही गुडघ्यावर आहे. लिहीत राहिलो की मान वळत नाही.

पावले वाजली. बसला. उजवीकडे. बाही ओली दिसते, तेवढीच. मी बघत नाही.

सायकली आल्या. पाणी त्यांचे त्यांनी घेतले. कोलोमा हसली, बाबा, आज बरीच भूक लागलीय? मी मान हलवली. तिच्या अंगात पिवळे जाकीट. शेवटची तीच. निघाली.

तो उठू लागला. मी सोब्रासादा पुढे केली. बसला.

चावत नाही. गिळतो. पाव संपत आला.

खालची वळणे इथून सगळी दिसतात. पिवळा ठिपका. हळू का जाते आहे? कुणासाठी तरी थांबली — वळून वर बघते आहे — जा ना बाळा —

चीज गेले. कोबी गेली. ऑलिव्हच्या बियासुद्धा.

पिशवी त्याने उलटी केली. कागद खाल्ला.

मी म्हटले, थांबा, अजून आहे. अजून आहे हो. पाहुण्याला अर्धपोटी कोण —

पिवळा ठिपका पुलावर. पुलाच्या पुढे सपाट रस्ता. थोडेच राहिले —

तो उभा राहतो आहे. खाली बघतो आहे. तिच्याकडे.

उजव्या हाताने लिहितो आहे. डावा त्याच्यापुढे धरला. म्हटले, बसा. घ्या.

बसला.

गार आहे फार. दुखत नाही. पूल ओलांडला तिने, वळणावर — दिसत नाही आता, नाही दिसत, पोचली असेल, पोच —

तो उजवा माग